बॉनेटवर दोन चापट्या

उस्ताद बोलता होता तोवर त्याच्या गॅरेजात दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची सोय नव्हती. मग एक दिवस गाडीखालून बाहेर सरकता सरकता त्याला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली ती झालीच, आणि गॅरेजात पहिल्यांदाच मुलाचा आवाज ऐकू यायला लागला. आवाज चांगला खणखणीत होता. इतकी वर्षं कुठे दडवून ठेवला होता कोण जाणे.

त्या सकाळी तो आवाज म्हणाला, "बाबा, आज तुमच्या लाडकीचं ऑपरेशन आहे. तुम्ही अगदी पुढच्या रांगेत बसायचं."

त्याने व्हीलचेअर ढकलत आणली, गाडीच्या नाकासमोर उभी केली आणि चाकांना खटका लावून टाकला. म्हणजे म्हाताऱ्याला तोंड फिरवायचं झालं तर मान फिरवावी लागणार, आणि मान तर एकाच बाजूला वळत होती.

गाडी म्हणजे काय चीज होती, ते सांगायला हवं. बुटकी, दोन दारांची, लांब नाकाची, जुन्या काळातली शर्यतीची गाडी. उस्तादने ती भंगारातून आणली तेव्हा नुसता सांगाडा होता. पुढचे-मागचे मडगार्ड त्याने स्वतः ठोकून काढले होते, लाकडी ओंडक्यावर पत्रा ठेवून, हळूहळू, सुट्टीचे सगळे दिवस त्यात घालून. त्यांची गोलाई अशी उतरली होती की हात फिरवला तर कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते कळू नये. बायको म्हणायची, "ही माझी सवत. मला जन्मात कधी एवढं निरखून बघितलं नाही." त्या बायकोला उस्तादने गाडीत कधी बसू दिलं नाही. म्हणे, बायका दार आपटतात. ती बिचारी गेली, पण एकदाही त्या सीटला तिची पाठ लागली नाही. मुलाला तर गाडी फक्त पुसायला मिळायची.

मिसरूड फुटायच्या वयात मुलगा एकदा म्हणून गेला होता, "बाबा, हिला रुंद टायर लावले तर कसली दिसेल!" उस्तादने गिऱ्हाइकांच्या देखत त्याच्या मानेवर एक ठेवून दिली. "ज्याला गाडी चालवता येत नाही ना, त्याला रुंद टायर लागतात. कळलं, ठोंब्या?" गिऱ्हाइकं हसली. ठोंब्या हे नाव आधीपासूनच घरात होतं, त्या दिवसापासून ते बाहेरही झालं. टायरवाला, रंगारी, पलीकडचा वेल्डर, सगळे त्याला ठोंब्याच म्हणायला लागले. लग्नातसुद्धा कुणीतरी त्याच नावाने हाक मारली आणि नवरीला हसू आवरेना. पण नवरी शहाणी निघाली. नवऱ्याचा चेहरा तिने तेव्हाच बघितला आणि ते नाव पुन्हा कधी तोंडात घेतलं नाही.

तर आता ते रुंद टायर आले होते. टायरवाल्याने सकाळीच चार चाकं आणून भिंतीला टेकवून ठेवली. काळी, भरभक्कम, जुन्या चाकांच्या जवळजवळ दीडपट रुंद.

"अरे, हे टायर आहेत का गाद्या?" टायरवाला हात झटकत म्हणाला. "बॅलन्स करून दिलीत. चिकटवायची वजनं संपली होती, म्हणून रिमच्या कडेला ठोकायची लावलीत. आतल्या बाजूनं आहेत, दिसायची नाहीत." चाक फिरताना डगमगू नये म्हणून शिशाचे असे छोटे तुकडे लावतात, त्यांचं तो बोलत होता. मग त्याची नजर व्हीलचेअरकडे गेली. "काय उस्ताद, बरं आहे ना?" एवढं विचारून, उत्तर येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे, तो लगबगीने निघून गेला. एकेकाळी याच माणसाला उस्ताद दारात ताटकळत ठेवायचा.

मुलाने खडूने मडगार्डवर रेघ मारली. रुंद चाक आत बसायचं तर मडगार्डच्या कमानीत जागा करायलाच हवी होती. कडा आत वळवून भागलं असतं, थोडं तापवून, रोलर फिरवून. वेळ लागला असता, पण गोलाई वाचली असती. हे मुलालाही ठाऊक होतं. त्याने ग्राइंडर उचलला.

पहिली ठिणगी उडाली आणि उस्तादने डोळे मिटून घेतले.

ग्राइंडर थांबला. पावलं जवळ आली.

"डोळे उघडा, बाबा," मुलगा कानाशी वाकून म्हणाला. "मला शिकवताना तुम्ही काय म्हणायचात? डोळे उघडे ठेव, ठोंब्या, परत दाखवणार नाही. मीही परत दाखवणार नाही. एकदाच कापायचंय."

उस्तादने डोळे उघडले. करतो काय? पत्रा ओरडत होता, रंगाचा जळका वास सुटला होता, आणि ज्या गोलाईसाठी त्याने बायकोच्या आजारपणातसुद्धा हातोडी खाली ठेवली नव्हती ती चंद्रकोरीसारखी कापून खाली पडत होती. कापलेली पहिली पट्टी मुलाने उचलली, फुंकर मारली आणि बापाच्या मांडीवर ठेवली.

"घ्या. आठवण."

पट्टी अजून गरम होती. उजव्या मांडीवर ठेवली असती तर काही कळलंही नसतं. त्याने डावीवर ठेवली.

उस्तादचा डावा हात तेवढा शाबूत होता, पण तोही पुरता ताब्यात नव्हता. राग आला की तो आपोआप वर उठायचा आणि खुर्चीच्या दांडीवर आपटायला लागायचा, आणि एकदा लागला की थांबायचं नाव घेत नसे. तसा तो आता आपटायला लागला. धप, धप, धप.

"टाळ्या नकोत एवढ्यात," मुलगा म्हणाला. "अजून तीन कोपरे राहिलेत. आणि हो, तुमच्या खुर्चीलाही रुंद टायर लावू का? बघा, विचार करून सांगा. सावकाश सांगितलंत तरी चालेल."

तेवढ्यात मागच्या घरातून सून आली, हातात वाटी-चमचा घेऊन. घर गॅरेजला लागूनच होतं. तिने आधी सासऱ्याचा हात बघितला, मग मांडीवरचा पत्रा बघितला, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"शरम आहे का काही? गरम पत्रा ठेवता अंगावर? ते काय रॅक आहेत तुमचं?"

"विचार त्यांना, मला काय काय लागलंय आजवर."

"त्यांना विचारू? त्यांनी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत? दोघं बापलेक अगदी एका साच्यातले. तुमच्या दोघांच्या मध्ये माझं मात्र मरण." तिने पट्टी उचलून भिरकावली, ओढणीने मांडी पुसली आणि आपटणारा तो हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. तसाच धरून ठेवला. तिच्या तळव्यांना साबणाचा वास होता. हात आधी धडपडला, मग हळूहळू निवला. हे फक्त तिलाच जमायचं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी नाही जमलं ते.

"काय, बाबा? आज पण माझा स्वयंपाक नापास का?" ती चमचा पुढे करत म्हणाली. "तोंड उघडा. निदान खाली तरी पाडू नका, तुमचा इस्त्रीचा शर्ट आहे."

तीच एकटी होती जी त्याच्याशी थट्टेने बोलायची. झटका यायच्या आधी तो तिच्याशी धड बोललासुद्धा नव्हता. आता ती खोलीत आली की त्याचा अर्धा चेहरा आपोआप सैल व्हायचा. उरलेल्या अर्ध्याला ते जमत नसे, पण ती बरोबर त्या हलणाऱ्या अर्ध्याकडे बघून बोलायची. एवढ्या मोठ्या जगात त्याला तेवढंच उरलं होतं, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं.

"दुपारी तयार होईल," मुलगा तिला म्हणाला. "बसणार का? पहिली फेरी."

"मी नाही बाई. जिच्यात सासूबाई बसल्या नाहीत तिच्यात मी नाही बसायची. तुम्ही आणि तुमची सासूबाईंची सवत, दोघं फिरून या." वाटी रिकामी करून, तोंड पुसून ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

दुपारपर्यंत चारही कमानी कापून झाल्या. कापलेल्या कडा मुलाने कानशीने घासल्या, काळा रंग फासला आणि चाकं चढवली. काम वाईट नव्हतं. उस्तादला ते दिसत होतं आणि त्याचाच त्याला जास्त संताप येत होता. मागच्या रुंद चाकाला हॅन्डब्रेकची तार घासते असं दिसल्यावर मुलाने ती सोडवून खुंटीला टांगली. "उद्या दुसरीकडून फिरवून लावू," तो स्वतःशीच म्हणाला. गाडी आता फताड्या पायांवर बसलेल्या पैलवानासारखी दिसत होती.

मग मुलाने पाना खाली ठेवला आणि हात पुसले.

या गॅरेजात एक रीत होती. उस्तादनेच घातलेली. ज्याने चाक बसवलं त्याने ते पास करायचं नाही. आपल्या हाताचं काम आपल्या डोळ्यांना चांगलंच दिसतं, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याने यायचं, चाकाच्या मागे आत हात घालायचा, एकाने स्टिअरिंग पार या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, आणि आत कुठे काही लागतंय का ते बोटांनी बघायचं. मग बॉनेटवर चापट मारायची. एक चापट म्हणजे खोल सगळं. दोन म्हणजे जाऊ दे. मुलाने उभ्या आयुष्यात जेवढी चाकं बसवली तेवढ्यांवर पहिल्या खेपेला एकच चापट पडली होती. नट सैल असो नसो, काही लागत असो नसो, एकच. गिऱ्हाईक समोर उभं असायचं, मुलगा मान खाली घालून पुन्हा सगळं खोलायचा, पुन्हा तसंच्या तसं बसवायचा, आणि मग उस्ताद दोन चापट्या मारायचा. एकदा तर मुलाने नुसता जॅक खाली-वर केला होता. तरी दोन मिळाल्या.

"चला, उस्ताद," मुलगा म्हणाला. "रीत ती रीत. तपासा."

त्याने गाडीचं नाक जॅकवर उचललं, खुर्चीचा खटका काढला आणि ती पुढच्या चाकाला खेटून लावली. बापाचा डावा हात मनगटाला धरून, एखादं हत्यार कोनाड्यात ठेवावं तसा चाकामागे आत सरकवला. स्वतः आत बसून स्टिअरिंग फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हाताला काही लागलं नाही. मग खुर्ची पलीकडच्या चाकाला आली. पुन्हा हात आत.

उस्तादची बोटं आत गेली आणि त्यांना घरी आल्यासारखं झालं. हा स्प्रिंग. ही ब्रेकची रबरी नळी, तेलाची. चाक वळायला लागलं. रुंद चाक बाहेर जेवढं आलं होतं तेवढंच आतही शिरलं होतं. मुलाने बाहेरचा पत्रा कापला, आतलं बघितलंच नाही. चाक टोकाला पोचलं आणि रिमची आतली कड नळीला येऊन भिडली. तिथेच कडेवर टायरवाल्याने ठोकलेला शिशाच्या वजनाचा तुकडा होता. त्याच्या क्लिपचा कोपरा उस्तादच्या बोटाला टोचला. चाक उलट फिरलं. पुन्हा वळलं. पुन्हा तो कोपरा नळीवरून करकरत गेला.

झटका जिभेला आला होता, डोक्याला नाही. सगळा हिशेब त्याच्या डोक्यात एका क्षणात लागला. गॅरेज चढाच्या माथ्यावर होतं. फाटकाबाहेर रस्ता लगेच उताराला लागायचा, आणि वळणं अशी की स्टिअरिंग टोकापर्यंत पिळल्याशिवाय गाडी वळायची नाही. दोन-चार वळणं, की तो कोपरा नळी चिरणार. गाडी जुन्या काळची; ब्रेकच्या तेलाची वाट एकच. एक नळी गेली की चारही चाकांचे ब्रेक गेले. आणि हॅन्डब्रेकची तार तिकडे खुंटीला टांगलेली.

मुलगा उतरून त्याच्यासमोर आला. उकिडवा बसला. त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासूनची मस्ती नव्हती.

"सांगा, बाबा. काही लागतंय?" तो म्हणाला. आवाज पुन्हा पूर्वीसारखा बारीक झाला होता. "एक की दोन?"

पोराला खरंच दोन हव्या होत्या. लुळ्या बापाला खुर्चीत अडकवून बसवल्यावर, त्याची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत कापल्यावरही, या घोड्याएवढ्या माणसाला बापाच्या दोन चापट्या हव्या होत्या, पहिल्या खेपेला. उस्तादला ते स्वच्छ दिसलं. आणि खरं सांगायचं तर, दिसलं म्हणूनच त्याच्या मनात ते आलं. मर, असं त्याच्या मनात आलं. अगदी याच शब्दांत, जिभेवर असतं तर मोठ्याने म्हणाला असता. मांडी अजून चुरचुरत होती.

मुलाने खुर्ची बॉनेटजवळ घेतली. उस्तादने डावा हात उचलला आणि बॉनेटवर मारला. एकदा. मुलाने ओठ दाबून धरले. मग पुन्हा एकदा. आणि हात थांबला. आपटत राहिला नाही, थरथरला नाही, एखाद्या धडधाकट माणसाचा असावा तसा गपगार मांडीवर येऊन पडला.

"दोन," मुलगा म्हणाला. मग ओरडलाच, "अगं ए! बाहेर ये! दोन! पहिल्या खेपेला दोन!"

सून हातात ओला कपडा घेऊन धावत आली, काही झालं की काय म्हणून. बघते तर नवरा लहान पोरासारखा हसतोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, बाहीने नाक पुसतोय. त्याने म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. इतक्या वर्षांत तिने त्या दोघांना एकमेकांना असा हात लावताना बघितलं नव्हतं. तिलाही भरून आलं.

"बघा, म्हणजे जमतं ना तुम्हा दोघांना," ती म्हणाली. "उगाच जीव खाल्लात माझा इतके दिवस." मग तिने तो ओला कपडा खुर्चीच्या पाठीवर टाकला, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "असं असेल तर मग मी येणार. आज सासूबाईंच्या वाटचं पण बसून घेते."

उस्तादला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती दार उघडत होती.

"बसू ना, बाबा?" तिने वळून विचारलं. "दार नाही आपटणार, शप्पथ."

त्याने घशातून आवाज काढला. जनावराने काढावा तसा. हात वर गेला. एक, त्याला एकच मारायची होती. एकच, आणि थांबायचं होतं. हात बॉनेटवर पडला, आणि मग पुन्हा पडला, आणि पुन्हा, आणि पुन्हा. धप, धप, धप, धप. थांबेचना. त्याने जीव तोडून थांबवायचा प्रयत्न केला, तसा तो जास्तच जोरात आपटायला लागला.

"अगं बाई! किती आनंद झालाय बघा!" ती हसली.

"पुरे हो बाबा, पत्रा चेपेल," मुलगा हसत हसत आत बसला आणि त्याने इंजिन चालू केलं. जॅक आधीच काढला होता. उस्तादने पुढे झेपावून सुनेच्या बाजूच्या दाराची कड पकडली. बोटं अशी आवळली की नखं पांढरी पडली. सुनेने खिडकीतून हात बाहेर काढला आणि तो हात आपल्या हातात घेतला, नेहमीसारखा. साबणाचा वास आला. आणि तो मेला हात, तिच्या तळव्यात जायला सवकलेला हात, निवला. बोटं सैल पडली.

"आलोच आम्ही," ती म्हणाली. "आल्यावर तुम्हाला पण फिरवून आणायला सांगते. उन्हात नाही ना तुम्ही? ठीक."

मुलाने तिच्या पुढून वाकून शेवटचं एक बोट दारावरून सोडवलं. गाडी फाटकाबाहेर गेली.

उस्ताद ऐकत राहिला. दुसरं काय करणार? प्रत्येक वळण त्याला कानांनी ओळखता यायचं. याच खुर्चीच्या जागेवर उभं राहून त्याने आयुष्यभर दुरुस्त केलेल्या गाड्या ऐकल्या होत्या. पहिलं वळण. गाडी झकास वळली, रुंद टायर रस्त्याला चिकटून गेले. त्यानंतरचं. मग सरळ उतार, मुलाने थोडी जोरात घेतली. आणि मग गिअर पडल्याचा आवाज आला, आणि लगेच आणखी एक गिअर, इंजिन किंचाळलं. ब्रेक गेला तर घाबरायचं नाही, ठोंब्या, एकेक गिअर खाली पाडत जायचं, हे त्यानेच पोराला शिकवलं होतं, मानेवर चापट्या मारून. पोर शिकलं होतं. अगदी बरोबर करत होतं. आणखी एक गिअर पडला. मग दगडी कठड्याचा आवाज आला, आणि नंतर बराच वेळ पत्र्याचा.

खुर्चीच्या पाठीवरचा ओला कपडा टपटपत होता. त्याचा हात मांडीवर होता आणि अजिबात हलत नव्हता.

टायरवाला धापा टाकत वर आला तोच रडत आला. मुलगा बाहेर फेकला गेला होता, हात मोडला होता, पण जिवंत होता. सुनेच्या बाजूने गाडी कठड्यावर चढली होती. "माझ्या वजनानं नळी कापली हो, उस्ताद," टायरवाला जमिनीवर बसून कपाळ बडवत होता. "चिकटवायची वजनं आणायला हवी होती. एक दिवस थांबायला हवं होतं. माझं चुकलं."

लोक येत-जात राहिले, मग यायचे थांबले. मुलगा प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून घरी आला. गॅरेजचं शटर त्याने वर केलंच नाही. तो आता बापाच्या खाटेजवळ खाली अंथरूण टाकून झोपायचा. एका हाताने त्याला उठवायचा, पुसायचा, कपडे बदलायचा. येईल त्याला सांगायचा, "बाबा थांबवत होते. शेवटपर्यंत दार धरून बसले होते. मीच त्यांची बोटं सोडवली." लोक उस्तादकडे बघून हळहळायचे. टायरवाला तर त्याच्या पाया पडून गेला.

एक दिवस मुलगा वाटी-चमचा घेऊन समोर बसला. एका हाताने भरवणं त्याला अजून जमत नव्हतं, अर्धं हनुवटीवरून ओघळलं. उस्तादचा हात उठला आणि दांडीवर आपटायला लागला. मुलाने वाटी घाईघाईने खाली ठेवली आणि तो हात आपल्या धड हातात धरला.

"ती असाच धरायची ना?" तो म्हणाला.

हात थांबला नाही. तरी त्याने सोडला नाही.

"बाबा, मी रोज तेच तेच आठवतो. त्या पहिल्या दोन चापट्या. तुम्हाला एकच मारायची होती ना? तुम्हाला आत लागलं असणार. तुमच्या बोटांना लागलं नाही असं होणारच नाही. पण हात थांबला नसणार तुमचा, दुसरी आपोआप पडली असणार. आणि मी दोन मोजल्या. मला दोनच हव्या होत्या, म्हणून मी दोन मोजल्या." त्याचा आवाज फुटला. "तुम्ही सांगत होतात आणि मला कळलं नाही. खरंच मी ठोंब्या."

उस्ताद त्याच्याकडे बघत होता.

"मला माफ केलंत का, बाबा?" मुलाने हात सोडला आणि खुर्चीच्या दांडीवर नीट ठेवला. "एक म्हणजे नाही. दोन म्हणजे हो. नसेल तर एकच मारा, मी समजेन."

एक म्हणजे खोल सगळं. आत हात घाल, बघ कुणी काय केलंय. उस्तादने हात उचलला आणि दांडीवर मारला. एकदा. मुलाने ओठ दाबून धरले आणि मान खाली घातली, अगदी पूर्वी घालायचा तशी, पुन्हा सगळं खोलायला निघाल्यासारखी.

मग उस्तादने पुन्हा एकदा मारला. हात जरासुद्धा थरथरला नाही.